‘नाही’ची वही: विद्यापीठाच्या लायब्ररीत वाचकांचं म्हणणं कसं गोळा करावं

एम.ए.ची एक मुलगी काउंटरवर आली आणि पुस्तकाचं नाव सांगितलं. आमच्या माणसाने स्क्रीनकडे न बघताच ‘इश्यू झालंय’ म्हणून टाकलं. ‘कधी येईल सर?’ ‘आठ दिवसांनी ये, बघू.’ ती ‘बरं’ म्हणाली. नॅकची, म्हणजे विद्यापीठांना श्रेणी देणाऱ्या मूल्यांकन परिषदेच्या तपासणीची, तयारी चालू होती, म्हणून येणाऱ्याजाणाऱ्या प्रत्येकाच्या हातात फीडबॅक फॉर्म द्यायचा हुकूम होता. तिलाही दिला. तिने उभ्या उभ्या दहाही प्रश्नांपुढे ‘उत्तम’वर टिक केली, ‘एसटी जाईल माझी’ म्हणाली आणि पळाली.

त्या दिवशी आम्हाला कळायला हवी होती ती गोष्ट एकच: तिला पुस्तक मिळालं नाही. फॉर्मवर तेवढ्यालाच जागा नव्हती.

मी अठ्ठावीस वर्षं विद्यापीठाच्या ग्रंथालयात आहे. देवघेव, नियतकालिकं, संदर्भ असे सगळे विभाग झाले, आता सहायक ग्रंथपाल आहे. २०१६च्या महाराष्ट्र सार्वजनिक विद्यापीठ कायद्यानंतर दारावरची पाटी बदलून ‘ज्ञानस्रोत केंद्र’ झाली. मुलं अजून लायब्ररीच म्हणतात, मीही तेच म्हणणार आहे. हे लिहितेय ते अशा माणसासाठी, ज्याला वरून ‘यंदा जरा नीट फीडबॅक घ्या’ एवढंच सांगून कामाला लावलंय.

आधी वही, मग फॉर्म

फॉर्मचं नंतर बघू. बाजारातून एक लांब दोनशे पानी रजिस्टर आणा आणि देवघेवीच्या काउंटरवर ठेवा. त्यात वाचकाने काही लिहायचं नाही. लिहायचं आपण. आपल्या तोंडून ‘नाही’ निघालं की एक ओळ. रकाने चारच: तारीख आणि वेळ, काय मागितलं, का दिलं नाही, मागणारा कुठल्या विभागाचा. नाव नको, रोल नंबर नको.

‘का’च्या रकान्यात काउंटरवरच्या माणसाने निबंध लिहावा अशी अपेक्षा ठेवू नका, गर्दीत ते होत नाही. आम्ही अक्षरं ठरवली. ‘घे’ म्हणजे आपण घेतलेलंच नाही. ‘बा’ म्हणजे बाहेर गेलंय. ‘सा’ म्हणजे कॅटलॉगमध्ये दिसतं पण जागेवर सापडत नाही. ‘नि’ म्हणजे नियमात बसत नाही. ‘बं’ म्हणजे तो विभाग त्या वेळी बंद.

पहिल्या आठवड्यात वही कोरी राहील. आमचीही राहिली. एक ज्येष्ठ लिपिक मला म्हणाले, ‘मॅडम, म्हणजे आमच्या चुका आम्हीच आमच्या हाताने लिहायच्या?’ प्रश्न रास्त होता. मी दोन गोष्टी केल्या. रोज ११ ते १ स्वतः काउंटरवर बसले आणि माझे ‘नाही’ माझ्या अक्षरात लिहिले. आणि सगळ्यांसमोर सांगितलं की कुठली ओळ कोणी लिहिली हे मी विचारणार नाही. आजवर विचारलेलं नाही. एकदा जरी विचारलंत तरी वही तिथेच संपली असं समजा.

महिनाभराने वही घेऊन बसलो. माझी खात्री होती की ‘घे’ सगळ्यात जास्त निघेल, मग निधी वाढवून मागता येईल. निघालं ‘सा’. पुस्तकं आपलीच, आपल्याच इमारतीत, पण जागेवर नाहीत. मराठी विभागातली मुलं समीक्षेची जी पुस्तकं मागत होती त्यातली बरीचशी आम्हाला भाषाशास्त्राच्या रॅकवर सापडली. ड्यूईच्या वर्गीकरणात, म्हणजे विषयाप्रमाणे पुस्तकांना आकडे द्यायच्या पद्धतीत, मराठी भाषा ४९१.४६ आणि मराठी साहित्य ८९१.४६. पाठीवरचं लेबल झिजलं, इंग्रजी आकड्यांतला आठ अर्धवट पुसला, की परिचर आपला पुस्तक चारमध्ये नेऊन ठेवणार. त्याची काय चूक? लेबलं नव्याने छापली, शनिवारी दोन तास रॅकवाचन, म्हणजे रॅकवरची पुस्तकं क्रमाने आहेत का ते तपासणं, सुरू केलं. निधीचा प्रस्ताव त्या वर्षी मी पाठवलाच नाही.

डोळे उघडे ठेवून फिरणं

माणसं सांगतात त्यापेक्षा करतात ते जास्त खरं असतं. एक साधा आठवडा निवडा. परीक्षेचा नको, गणपती-दिवाळीचा नको. ९, ११, १, ३, ५ आणि ८ वाजता वाचनकक्षातून एक फेरी मारा. तीन आकडे लिहा: खुर्च्या किती, माणसं किती, आणि माणसाशिवाय नुसती बॅग किंवा पाण्याची बाटली ठेवलेल्या जागा किती. हा तिसरा आकडा फार बोलका. ‘बसायला जागा नाही’ ही तक्रार येते तेव्हा निम्म्या वेळा जागा असते, तिच्यावर कुणाची तरी सॅक बसलेली असते. स्पर्धा परीक्षेवाली मुलं सकाळी सहाला येऊन जागा धरतात, क्लासला जातात, जेवून येतात. त्यांच्यावर ओरडण्याआधी हेही बघा की ती कुठल्या खुर्च्या धरतात. आमच्याकडे धरलेली जवळजवळ प्रत्येक खुर्ची प्लग पॉइंटजवळची होती.

टेबलावर पडलेली पुस्तकं उचलण्याआधी मोजा. ‘पुस्तकं पुन्हा रॅकमध्ये ठेवू नका, टेबलावरच राहू द्या’ अशी पाटी लावा. रॅकमध्ये ठेवताना मुलं चुकीच्या जागी खोचतात, हे एक. दुसरं, घरी न नेता इथेच बसून वाचलेल्या पुस्तकांची नोंद एरवी कुठेच होत नाही. कोहा हे ग्रंथालयाचं सॉफ्टवेअर वापरत असाल तर इश्यू न झालेलं पुस्तक परतीच्या खिडकीत स्कॅन केलं की ते जागेवरचा वापर म्हणून नोंदवता येतं. तेवढी सेटिंग तुमच्या सिस्टिमवाल्याकडून चालू करून घ्या. ‘हे पुस्तक दहा वर्षांत इश्यू झालं नाही, बाद करा’ असं म्हणून आम्ही जी यादी केली होती, त्यातली काही पुस्तकं रोज टेबलावर सापडत होती.

शिपाई मामा, झाडलोट करणाऱ्या मावशी आणि दारावरचा गार्ड या तिघांशी पंधरा मिनिटं बोला. चहा पाजा. कुठल्या पंख्याखाली कोणी बसत नाही, कुठल्या कोपऱ्यात मोबाइलला रेंज मिळते म्हणून गर्दी होते, कुठल्या मजल्यावरच्या बाथरूमला कडी नाही म्हणून मुली दुपारीच निघून जातात, हे त्यांना माहीत असतं. त्यांना आजवर कुणी विचारलेलं नसतं एवढंच.

ओपॅकशेजारची खुर्ची

ही पद्धत माझी सगळ्यात आवडती, म्हणून इथे जरा थांबते. ओपॅकच्या, म्हणजे वाचकांनी पुस्तक शोधायच्या कॅटलॉगच्या, कॉम्प्युटरशेजारी दुसरी खुर्ची ठेवा. येणाऱ्याला म्हणा, ‘मी इथे बसून फक्त बघणार आहे, मला आमची सिस्टिम तपासायचीय, तुझी परीक्षा नाही.’ मग गप्प बसा. ग्रंथपालाला गप्प बसणं फार जड जातं. हात आपोआप माऊसकडे जातो. हात मांडीखाली ठेवा.

बीएडचा एक मुलगा बसला. त्याने देवनागरीत ‘ज्ञानेश्वरी’ टाइप केलं. निकाल शून्य. मग इंग्रजी अक्षरांत ‘डी-एन-वाय’ने सुरुवात करून टाइप केलं, दोनतीन नोंदी आल्या. तो उठून जायला लागला. मी विचारलं, ‘झालं?’ म्हणाला, ‘मॅडम, तुमच्याकडे दोनतीनच प्रती दिसतात आणि त्या बाहेर आहेत.’ आमच्याकडे ज्ञानेश्वरीचं अख्खं कपाट आहे. फक्त ज्यांनी पंचवीस वर्षांपूर्वी नोंदी केल्या त्यांनी रोमन लिपीत, शास्त्रोक्त लिप्यंतराने, ‘जे-एन’ने सुरू होणारं रूप घेतलं होतं. जगातला कुठलाही मराठी मुलगा आपण होऊन तसं टाइप करणार नाही.

याला तक्रार म्हणून कोणी लिहून दिलं असतं का? शक्यच नाही. त्याला वाटलं पुस्तकं नाहीत. उपाय वेळखाऊ आहे पण अवघड नाही. मार्क नोंदीत (मार्क म्हणजे कॉम्प्युटरवर पुस्तकाची नोंद करायचा ठरलेला साचा) पर्यायी शीर्षकासाठी २४६ हे क्षेत्र आहे, तिथे लोक टाइप करतात ती रूपं भरायची. देवनागरी रूपासाठी ८८० आहे. सगळा संग्रह एकदम घेऊ नका. वहीत ज्या पुस्तकांपुढे ‘सा’ आणि ‘घे’ लिहिलंय त्यापासून सुरू करा. ‘घे’ लिहिलेली काही पुस्तकं मुळात आपल्याकडे असतात, काउंटरवरच्या माणसालाही ती सापडलेली नसतात.

पाच-सहा जणांशेजारी बसलात तरी पुष्कळ होतं. त्याच त्याच ठिकाणी माणसं अडखळायला लागली की थांबा आणि आधी तेवढं दुरुस्त करा.

आता फॉर्म

फॉर्म छोटा हवा. काउंटरवर, कर्मचाऱ्याच्या नजरेसमोर भरून घेऊ नका. ज्याच्याकडे उद्या फाइन माफ करून मागायचाय किंवा नो ड्यूजवर सही घ्यायचीय, त्याच्यासमोर कोण ‘असमाधानी’वर टिक करेल? पीआरएन, म्हणजे विद्यार्थ्याचा कायम नोंदणी क्रमांक, विचारलात की संपलंच. गूगल फॉर्म असेल तर ईमेल गोळा करण्याचा पर्याय बंद ठेवा आणि ‘तुमचं नाव आम्हाला कळणार नाही’ असं वरच लिहा.

जुन्या फॉर्मवर आमचा एक प्रश्न असा होता: ‘ग्रंथालयातील ग्रंथसंपदा व कर्मचाऱ्यांचे सहकार्य समाधानकारक आहे काय?’ पुस्तकं चांगली पण माणूस खेकसतो, असं ज्याला म्हणायचंय त्याने कुठे टिक करायची? एका प्रश्नात एकच गोष्ट विचारा. आणि ‘उपभोक्ता’, ‘परिग्रहण’, ‘प्रलेख’ हे शब्द आपल्या बी.लिब.च्या पुस्तकात राहू द्या.

गेल्या काही वर्षांत मी मुख्य प्रश्न तीनवर आणलेत:

गेल्या वेळी लायब्ररीत आलात तेव्हा काय हवं होतं?
ते मिळालं का?
मिळालं नसेल तर मग काय केलंत?

सोनं तिसऱ्या प्रश्नात आहे. ‘गेटबाहेरच्या झेरॉक्सवाल्याकडून मागच्या वर्षीच्या नोट्स घेतल्या.’ ‘टेलिग्रामवर पीडीएफ मिळाली.’ ‘सरांच्या घरून आणलं.’ ‘विषयच बदलला.’ हे शेवटचं एका संशोधक विद्यार्थ्याने लिहिलं होतं. मी तो कागद बराच वेळ हातात धरून बसले.

श्रेणी लावून घ्यायचीच असेल, आणि नॅकच्या फायलीला ती लागतेच, तर लिबक्वाल या ग्रंथालय-सर्वेक्षणाची पद्धत समजून घ्या. अमेरिकेत संशोधन ग्रंथालयांच्या संघटनेने टेक्सास ए अँड एम विद्यापीठासोबत २०००च्या सुमारास ती उभी केली. मूळ प्रश्न २२ आहेत. तेवढे तुम्हाला नकोत, युक्ती तेवढी घ्या. प्रत्येक मुद्द्यावर तीन आकडे विचारतात: किमान किती तर हवंच, खरं तर किती असावं, आणि प्रत्यक्षात किती आहे. नुसती ‘पाचपैकी चार’ ही सरासरी काही सांगत नाही. गावाकडून आलेल्या मुलाला पंखा चालू असला तरी तो पाच देतो. प्रत्यक्ष आकडा किमानाच्याही खाली गेला असेल तर मात्र तिथे आग लागलीय असं समजा. चार-पाच मुद्द्यांवर एवढं विचारलं तरी पुरतं.

छापण्याआधी तीन मुलांना फॉर्म मोठ्याने वाचायला लावा. जिथे ती अडखळतील तिथे प्रश्न बदला, मुलं नाही.

वेळेचं एक गणित सांगते, ते कुठल्या पुस्तकात मिळत नाही. आर्थिक वर्ष ३१ मार्चला संपतं. पुस्तकाची मागणी विभागाकडून येते, ज्ञानस्रोत समितीपुढे जाते, मग कोटेशन, ऑर्डर, बिल, दाखल नोंद, बारकोड. फेब्रुवारीत फीडबॅक घेतलात तर मुलाने मागितलेलं पुस्तक तो पास होऊन गेल्यावर रॅकवर येणार. ऑगस्टमध्ये घ्या. १२ ऑगस्टला भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक रंगनाथन यांची जयंती आपण ग्रंथपाल दिन म्हणून साजरी करतोच, हार घालतो, त्यांची ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं वाचून दाखवतो. ‘वाचकाचा वेळ वाचवा’ हे त्यातलं चौथं. त्याच आठवड्यात फॉर्म काढा, निदान त्या चौथ्याशी काही नातं राहील.

जे येतच नाहीत

लायब्ररीत फॉर्म वाटला की लायब्ररीत येणाऱ्यांचंच मत मिळतं. न येणारे मेसमध्ये, कॅन्टीनमध्ये, एसटीच्या थांब्यावर असतात. तिथे आपण साडी नेसून, गळ्यात आयकार्ड घालून गेलो की मुलं उभी राहतात आणि ‘सगळं छान आहे मॅडम’ म्हणतात. म्हणून मी ‘कमवा व शिका’ योजनेतली मुलं घेते. चार मुलं, चार मुली. त्यांना एक तास बसवून शिकवायचं: सुचवायचं नाही, वाद घालायचा नाही, ऐकायचं आणि समोरचा बोलला तसंच्या तसं लिहायचं. शुद्धलेखन बघायचं नाही.

अशाच एका फेरीत आम्हाला मुलींचं कोडं सुटलं. रात्रीच्या अभ्यासिकेत मुलींच्या जागा रिकाम्या राहतात म्हणून त्या कमी करायचा विचार चालला होता. मेसमध्ये एका मुलीने लिहवून घेतलं: ‘होस्टेलचं फाटक साडेनऊला लागतं. अभ्यासिका रात्रभर उघडी असली तर आम्हाला काय?’ तुमची लायब्ररी कितीही सुधारा, ही गोष्ट तुमच्या हातात नाही. पण ती कागदावर आली, कुलसचिवांकडे गेली, आणि मुलींच्या जागा कमी करण्याचा विषय बंद झाला. फाटक अजून साडेनऊलाच लागतं.

अंध विद्यार्थ्यांना फॉर्म पाठवून काम होत नाही, त्यांच्याशी प्रत्यक्ष बोला. आमच्या एका विद्यार्थ्याने एनव्हीडीए हा स्क्रीन रीडर लावून आमची ‘डिजिटल’ प्रश्नपत्रिका उघडून दाखवली. यंत्र गप्प. आम्ही पानांचे नुसते फोटो पीडीएफ करून चढवले होते, त्यात वाचण्याजोगी अक्षरंच नव्हती. असं सांगणारा एकच निघतो. एसी मागणारे शंभर निघतात. गठ्ठे मोजून क्रम लावलात तर तो एकटा कायम तळाशी राहील. मी मोजणी करते, पण क्रम मोजणीवरून लावत नाही. ज्याचं काम पूर्ण अडलंय तो आधी, ज्याला गैरसोय होतेय तो नंतर.

मोकळी उत्तरं वाचायची माझी पद्धत जुनी आहे. प्रिंट काढते, कात्रीने एकेक उत्तर कापते, संदर्भ विभागाच्या मोठ्या टेबलावर पंखा बंद करून गठ्ठे लावते. एकटीने करू नका, काउंटरवरचा एक माणूस सोबत घ्या. ‘हे आपल्याबद्दल लिहिलंय’ हे त्याने स्वतःच्या डोळ्यांनी वाचलेलं बरं, माझ्या तोंडून ऐकण्यापेक्षा.

उत्तर द्या, पंधरा दिवसांच्या आत

दाराजवळ एक फळा लावा. डावीकडे ‘तुम्ही म्हणालात’, उजवीकडे ‘आम्ही काय केलं’. पहिल्या पंधरा दिवसांत निदान एक तरी गोष्ट बदललेली दिसली पाहिजे, कितीही बारीक का असेना.

आमची पहिली गोष्ट जेवणाच्या सुट्टीची होती. वहीत ‘बं’ हे अक्षर दीड ते दोनच्या मध्ये साचलेलं दिसत होतं. आता बघा: विभागांची मधली सुट्टी दीड ते दोन. मुलं तेव्हाच मोकळी. आणि आमचा देवघेवीचा काउंटर जेवणासाठी दीड ते दोन बंद. इतकी वर्षं आम्ही डबे उघडून बसायचो आणि मुलं काचेबाहेर उभी राहून आम्हाला जेवताना बघायची. लिपिकांनीच तोडगा काढला: निम्मे एक वाजता जेवतील, निम्मे दोनला. ना प्रस्ताव, ना मंजुरी, ना खर्च. फळ्यावर लिहिलं, ‘काउंटर आता दीड ते दोन चालू.’ त्यानंतरच्या फॉर्मवर मुलं वाक्यं लिहायला लागली. आधी नुसत्या टिका असायच्या.

‘नाही’ही फळ्यावर लिहा, कारणासकट. ‘विचाराधीन आहे’ असं लिहू नका, त्याचा अर्थ पोरांना बरोबर कळतो. आमच्याकडे कुणीतरी मागितलं होतं, ‘आत चहा आणू द्या.’ मी लिहिलं: ‘नाही. सांडला की मुंग्या, मुंग्यांमागून झुरळं, आणि झुरळं बांधणीची खळ खातात. झाकणाची पाण्याची बाटली चालेल.’ दुसऱ्या दिवशी त्याखाली पेन्सिलने कुणीतरी लिहिलं होतं, ‘मग बाहेर व्हरांड्यात बाक तरी टाका.’

पेन्सिलीचं पुसलं नाही. वहीत तारीख घालून एक ओळ लिहिली: बाक, व्हरांडा, ‘घे’. आणि भांडारातून मोडके बाक दुरुस्त करून मिळतील का, ते विचारायला मामांना पाठवलं.